सहाशे एकानं भागा

गणेशोत्सवाच्या समारोपाला श्रीरंग देवपुजारीला शाल-श्रीफळ द्यायचं मंडळानं ठरवलं, ही बातमी सत्यभामाबाई मेथी निवडता निवडता सांगून मोकळ्या झाल्या. शेजारच्याच त्या. पोटात शब्द ठेवतील तर शपथ. हेमलता ऐकत होती आणि देठ नि पानं एकाच ताटात टाकत होती.

“अगं बाई, काय करून राहिली तू? सगळी भाजी वाया घालवली ना!”

“कशाबद्दल शाल?”

“त्याच्या कसोटीबद्दल. कितीही मोठा आकडा द्या, मूळ संख्या आहे का नाही ते सांगतो ना तो. यंदा काश्मिरात लढाई पेटली, म्हणून आकडा देणाऱ्यानं जवानांच्या निधीतही काही टाकायचं. मी आमच्या रेडिओच्या लायसनचा नंबर देणार आहे. अच्छा, तू काहून हसून राहिली?”

हेमलता खरंच हसत होती. बावीस वर्षं ज्या माणसाचं नाव निघालं की तिच्या पोटात आग पडायची, त्याला आता भर सभेत शाल मिळणार होती, आणि ती हसत होती. सत्यभामाबाईंना ते हसू काही बरं वाटलं नाही. त्यांनी आपली जुडी उचलली आणि घर गाठलं.

मूळ संख्या म्हणजे काय, हे जबलपूरच्या गढा वस्तीतल्या अर्ध्या मराठी घरांना श्रीरंगमुळेच कळलं होतं, तेवढं श्रेय मेल्याला द्यायलाच हवं. जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच पुरतं भागू शकत नाही, ती मूळ. सात मूळ, तेरा मूळ; पंधरा नाही, कारण तीन पाचे पंधरा. लहान आकड्यांचं कोणीही सांगेल. आठ-दहा अंकी आकडा समोर आला की मात्र भल्याभल्यांची बोलती बंद होते. श्रीरंगची होत नसे. तो आकडा घरी न्यायचा, दोनचार दिवसांनी रेशमी कुडता घालून स्टेजवर यायचा आणि निकाल द्यायचा. त्याला लोक ‘श्रीरंग-कसोटी’ म्हणायचे. वर्तमानपत्रात फोटो आला होता. कारखान्यातले साहेब लोकसुद्धा त्याला खुर्ची द्यायचे.

आणि ती कसोटी त्याची नव्हतीच. हेमलताची होती. तिच्या सतराव्या वर्षातली, तिच्या पाटीवरची!

ती हिटलरच्या लढाईची वर्षं होती. जबलपूरचे लष्करी कारखाने दिवसरात्र चालत होते, आणि माणसं कमी पडली म्हणून नागपूर-अमरावतीकडून भरती चालली होती. हेमलताचे वडील, अण्णा, हातोड्याच्या खात्यात होते; तिथल्या ठणठणाटानं त्यांचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. श्रीरंग नवाच आलेला, बी.एस्सी. झालेला, तपासणी खात्यात नेमलेला. राहायला खोली मिळाली, जेवायची सोय अण्णांनी आपल्या घरी केली. त्याच्या बदल्यात तो हेमलताला इंटरचं गणित शिकवायचा. घरात तिला बेबी म्हणत, तोही म्हणू लागला.

पोरगी आकड्यांनी झपाटलेली होती. लढाईत कागद मिळेना, दुकानदार कोरा कागद औषधासारखा मोजून द्यायचा. म्हणून ती पाटीवरच सगळं करायची. भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. असं करता करता तिला एक गंमत सापडली. कुठलाही विषम आकडा घ्या. त्यापेक्षा एक कमी इतके दोन घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. मग त्या गुणाकाराला आकड्यानं भागा. सातासाठी सहा दोन घेतले की चौसष्ट. साताने भागलं की बाकी एक. नवासाठी आठ दोन घेतले की दोनशे छप्पन. नवानं भागलं की बाकी चार. सात मूळ आहे, नऊ नाही. तिला वाटलं, झालं! बाकी एक उरली की आकडा मूळ, नाही उरली की नाही. तीनशेपर्यंतचे सगळे आकडे तिनं तपासले. एकही दगा देईना. मोठ्या आकड्यांसाठी एवढे दोन कोण गुणत बसणार? तर वर्ग करत, मधेच भागून बाकी ठेवत झपाझप पुढे जायची युक्तीही तिनं काढली.

तिनं ते श्रीरंगला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाला, “बेबी, हे जपून ठेवायला पाहिजे. मी कागदावर उतरवतो.” त्याच्याकडे ऑफिसातला कागद होता. ती पाटीवर लिहायची, तो शाईनं उतरवायचा, आणि ती पाटी पुसायची. किती आनंदात होती वेडी! आपलं काहीतरी कागदावर जातंय, म्हणून.

महिन्याभरानं मंडळाच्या हॉलमध्ये श्रीरंगचं व्याख्यान झालं. विषय, त्याने शोधलेली कसोटी. हेमलता तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. ही उभी राहिली आणि म्हणाली, “हे माझं आहे. मी ह्यांना दाखवलं.”

श्रीरंग रागावला नाही. मोठ्या मायेनं हसला. “माझे कागद ती वाचत असते. पाठ झालंय तिला. मुलगी हुशार आहे, फक्त दुसऱ्याचं आपलं म्हणू नये, एवढं शिकवायचं राहिलं माझ्याकडून.”

कागद त्याचे, अक्षर त्याचं, शाई त्याची. हिच्याजवळ काय? पुसलेली पाटी! सगळा हॉल हसला. अण्णांनी तिला दंडाला धरून घरी आणलं आणि उंबरठ्यातच थोबाडीत दिली. “चोरटी! ज्या माणसाच्या शब्दावर माझी बढती अडकली आहे, त्याचं चोरून राहिली तू?” कॉलेज दुसऱ्या दिवशी बंद झालं आणि लग्न त्याच उन्हाळ्यात लागलं.

नवरा चांगला निघाला, हे तिचं नशीब. शशिकांत रेल्वेत होता, अबोल, पण बायकोला पुस्तक आणून देण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. पोरं मोठी करत तिनं बी.ए. केलं, मग सागरला परीक्षा देऊन एम.ए. केलं, आणि मुलींच्या कॉलेजात गणित शिकवू लागली. लोक तिला मानानं हेमलताबाई म्हणू लागले. पण आई गेल्यावर अण्णा तिच्याकडेच राहायला आले, आणि ते अजून श्रीरंगचं नाव निघालं की कौतुकानं मान हलवायचे. दरवर्षी त्याचा कार्यक्रम बघायला जायचे, ऐकू येत नसलं तरी. त्या थपडेबद्दल बापलेकीत कधी एक शब्द झाला नाही. हेमलता त्यांना वेळेवर ताट वाढायची, औषध द्यायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, ह्यांच्या हिशेबी मी आजही चोरटीच आहे.

आता तिच्या हसण्याचं कारण ऐका.

लग्नानंतर काही वर्षांनी, एम.ए.चा अभ्यास करताना, तिनं सहज एक हजार चोवीस हा आकडा फोडला. दहा दोन गुणले की एक हजार चोवीस. त्यातून एक काढला की एक हजार तेवीस, म्हणजे तीन गुणिले अकरा गुणिले एकतीस. तिची पेन्सिल थांबली. अकरा एकतीसे तीनशे एक्केचाळीस. म्हणजे एक हजार चोवीसला तीनशे एक्केचाळीसनं भागलं की बाकी एक. मग दहा-दहा दोनांच्या चौतीस जुड्या बांधल्या, तीनशे चाळीस दोन झाले, तरी बाकी एकच! तिच्या कसोटीप्रमाणे तीनशे एक्केचाळीस मूळ ठरत होता, आणि तो तर अकरानं सरळ भागला जात होता.

कसोटी खोटी होती. मूळ संख्येला बाकी एक उरते, हे खरं. पण बाकी एक उरली म्हणून आकडा मूळ, हे खरं नाही. काही लबाड आकडे मूळ नसून मूळ असल्याचं सोंग वठवतात. सतराव्या वर्षी ती तीनशेवर थांबली होती. अजून थोडी पुढे गेली असती तर तिथेच सापडलं असतं.

दुसरी कोणी हळहळली असती. हेमलताला आधी हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू. मेल्यानं चोरलं तेही फुटकं चोरलं! आणि त्या फुटक्या भांड्यातून तो गावभर अमृत वाटत फिरत होता. तेव्हाच ओरडून सांगावं असं तिला वाटलं होतं. पण तिनं जीभ दाताखाली दाबून धरली. त्याचं नाव अजून लहान होतं. दहा लोकांत पडला असता तर उठून कपडे झटकले असते. चढू दे, म्हणाली ती. शाल अंगावर पडू दे.

न्याय वगैरे तिला आता नकोच होता. तिची कसोटी तिला कोण परत देणार? तिला एवढंच हवं होतं की ज्या हॉलनं तिला हसून घालवलं, त्या हॉलनं त्याला हसावं, आणि ते अण्णांनी डोळ्यांनी बघावं. बस्स.

तीनशे एक्केचाळीससारखा आकडा देऊन भागणार नव्हतं. श्रीरंग निदान शंभरच्या आतल्या मूळ संख्यांनी आधी भागून बघायचा, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून तिनं आकडा घडवला, सोनार दागिना घडवतो तसा. सहाशे एक, बाराशे एक, अठराशे एक. तिन्ही मूळ. तिघांचा गुणाकार, एक अब्ज एकोणतीस कोटी नव्याण्णव लाख त्रेसष्ट हजार सहाशे एक. ह्यातून एक काढा. जे उरतं ते सहाशेनं, बाराशेनं, अठराशेनं, तिघांनीही पुरतं भागलं जातं. म्हणूनच हा आकडा असा बेमालूम सोंगाड्या होतो की दोनाच्या जागी तीन घ्या, पाच घ्या, बाकी एकच उरणार. त्याचं सोंग उतरवायचा रस्ता एकच. कंटाळा न करता एकेका मूळ संख्येनं भागत सहाशे एकापर्यंत जायचं. शंभरेक भागाकार. एका संध्याकाळचं काम.

आणि तिथेच तिची भीती होती. ती एक संध्याकाळ श्रीरंगनं खर्च केली, तर सगळं मुसळ केरात.

आकडे स्वीकारायच्या दिवशी ती स्वतः हॉलमध्ये गेली. अण्णा हट्टानं सोबत आले. आवारात पोरं खंदक खणत होती. कारखान्याचं गाव म्हणून ब्लॅकआउटचा हुकूम येणार, अशी कुजबुज होती. टेबलामागे श्रीरंग बसला होता. केसांना कलप, अंगाला खसचं अत्तर. अण्णांना बघून तो उठला, वाकून नमस्कार केला. अण्णा खूश! मग त्याची नजर हिच्यावर गेली.

“या, या हेमलताबाई. आकड्यांचा नाद अजून आहे म्हणायचा?”

“आहे थोडा. हा बघा जमतो का.”

त्याने चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली. “वा! दहा अंकी. कोणाचा टेलिफोन नंबर आहे का हा?” भोवतालचे हसले, तेव्हा त्याला चेव आला. “चलो, समारोपाला हाच आकडा घेऊ, शाल घ्यायच्या आधी! फक्त ह्या वेळी उत्तर माझ्या कागदांतून वाचू नका हं.”

पुन्हा सगळे हसले. काय झालं ते न कळता अण्णाही हसले, आणि तो घाव हेमलताला जास्त लागला. तुझ्या शालीचे दोरे मोजून ठेव, ती मनात म्हणाली.

पुढचे दिवस तिला अन्न गोड लागेना. शशिकांत फौजेच्या गाड्यांच्या ड्युटीवर इटारसीला अडकला होता, बोलायचं कोणाशी? भात ढवळताना वाटायचं, आत्ता श्रीरंग एकशे एकानं भागतोय. धुणं वाळत घालताना वाटायचं, दोनशे अकरापर्यंत पोचला असेल. माणूस लबाड होता, पण गणितात अगदीच ढ नव्हता. शेवटी तिला राहवेना, तिनं सत्यभामाबाईंनाच आडून विचारलं.

“श्रीरंगराव आकड्यावर बसले असतील ना, दिवसभर?”

“तो? तो कायले बसते! ऑफिसातल्या दोन पोरांना बसवलं आहे गुणाकाराला, बिचारे ओव्हरटाइम करून येतात आणि वरून हे. तो तर रोज सदर बाजारात शिंप्याकडे चकरा मारून राहिला. शेरवानी शिवतो आहे म्हणे.”

हेमलतानं त्या दिवशी पुरण घातलं. कशाबद्दल, ते कोणालाच कळलं नाही.

समारोपापर्यंत लढाई उघडच सुरू झाली होती. रात्रीचे दिवे बंद, म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दारं सताड उघडी, आत घामाचा आणि उदबत्तीचा वास. पाळीवरून सुटलेले लोक कामाच्या कपड्यांतच आले होते. अण्णा पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी सत्यभामाबाई, मग हेमलता. अध्यक्ष बापूसाहेब, निवृत्त स्टेशनमास्तर, शालीची घडी मांडीवर घेऊन बसले होते.

श्रीरंगनं फळ्यावर आकडा ठळक लिहिला. शेरवानी खरंच शोभत होती त्याला. “मंडळी, हा आकडा दिला आहे आपल्या हेमलताबाईंनी. दोनाचे वर्ग करत करत आम्ही टोकापर्यंत गेलो आणि बाकी उरली,” तो थांबला, बोट वर केलं, “एक! एक अब्ज एकोणतीस कोटी नव्याण्णव लाख त्रेसष्ट हजार सहाशे एक ही मूळ संख्या आहे. ह्या जगात हिला भागणारा कोणी नाही!”

टाळ्या पडल्या. बापूसाहेब शाल उलगडत उठले. हेमलताही उठली. आवाज वर्गात निघतो तसाच स्पष्ट निघाला.

“श्रीरंगराव, सहाशे एकानं भागा.”

“काय?”

“सहाशे एकानं भागून दाखवा. इथेच, फळ्यावर.”

तो हसला, बावीस वर्षांपूर्वी हसला होता तसाच, मायेनं. “बाई, बाकी एक उरली म्हणजे विषय संपला.”

“मग भागायला काय जातं?”

“भागा ना राव,” मागून कोणीतरी म्हणालं. बापूसाहेबांनी शाल पुन्हा हातावर घेतली. “करून टाका, देवपुजारी. बाईंचं समाधान होऊ द्या.”

श्रीरंगनं खडू उचलला. सहाशे एक दुणे बाराशे दोन. वजा केले, सत्त्याण्णव उरले, वरचा नऊ खाली घेतला. एकदा. मग सहा वेळा. तो झरझर लिहीत होता, माणूस कंटाळवाणं काम उरकतो तसा. मग फळ्यावर अठराशे तीन आले. सहाशे एक त्रिक अठराशे तीन. बाकी शून्य. त्याचा हात किंचित थांबला. वरचे तीन अंक खाली यायचे राहिले होते. त्याने सहा खाली घेतला. भाग जाईना. शून्य खाली घेतलं. जाईना. मग एक.

सहा, शून्य, एक.

त्याच्याआधी हॉलला दिसलं. दुकानदार, फिटर, बायका, सगळ्यांना. “अरे भैया, ये तो पूरा कट गया!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि हसण्याचा असा लोट आला की दारातली पोरं आत डोकावली. श्रीरंग फळ्याकडे बघत उभा होता. त्याने पुन्हा वरून खाली पडताळा घेतला. शेरवानीच्या गळ्यापाशी घामाचा काळा डाग पसरत होता. “उतरवताना चुकलं असेल,” तो पुटपुटला, “पोरांनी वर्ग चुकवला असेल.”

“वर्ग बरोबर आहेत,” हेमलता म्हणाली. “बाकी एकच येते. कसोटीच चूक आहे.”

किती गोड लागले तिला ते शब्द! बापूसाहेब शालीची घडी पुन्हा घालू लागले, हे तिनं डोळे भरून पाहिलं. अण्णा गोंधळून इकडे तिकडे बघत होते, तेही पाहिलं. एवढंच हवं होतं. आता घरी जावं, असं तिनं ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात श्रीरंग किंचाळला.

“माझी नाहीच ही कसोटी! हिची आहे! सतरा वर्षांची होती तेव्हा पाटीवर लिहून दाखवली हिनं मला. मी विश्वास ठेवला, उतरवून घेतली. फुटकी आहे हे मला काय ठाऊक? चूक माझी नाही मंडळी, चूक हिची आहे! हिला विचारा!”

हॉल खवळला. “बाईमाणसावर ढकलून राहिला, शरम नाही वाटत?” “इतकी वर्षं माझी-माझी म्हणून मिरवला ना बे?” कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसला नाही. बसणार कसा? कागद त्याचे होते, अक्षर त्याचं होतं.

“काय म्हणून राहिला तो?” अण्णांनी कानामागे हात धरला.

सत्यभामाबाई त्यांच्या कानात ओरडल्या, “म्हणतो ती कसोटी तुमच्या पोरीची होती! त्याची नव्हती म्हणतो!”

अण्णा काठी टेकत उठले. ते श्रीरंगकडे नाही, हेमलताकडे वळले. “बेबी, खरं होय का? तुझी होती?”

आणि हेमलताच्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं. तयार, धार लावलेलं. एवढं म्हटलं की तो मूर्ख तर ठरलाच होता, खोटारडाही ठरला असता, बाईच्या पदराआड लपणारा. त्याला जबलपुरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याने तिला जे केलं, तेच शब्दाला शब्द तिनं त्याला केलं असतं, ‘मी कधी दाखवली? मला काय ठाऊक?’ आणि सगळा गाव तिच्या बाजूनं उभा होता. ज्यासाठी बावीस वर्षं रक्त आटवलं, ते एका शब्दावर आलं होतं.

पण ‘हो’ म्हटलं तर? तर चुकलेली कसोटी तिच्या पदरात. गणिताच्या बाईंची! उद्या कॉलेजात मुली तोंडावर पदर धरून हसणार. मेल्यानं तिचं तिला परत दिलं, तेही ती फुटल्यावर, अंगावर फेकून दिलं.

समोर म्हातारा उत्तराची वाट बघत होता. त्याला ऐकू जायचं तर ओरडूनच सांगावं लागणार होतं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

“हो अण्णा!” ती ओरडली. “माझी होती! मी शोधली होती, ह्या माणसानं चोरली!”

अण्णांनी डोळे मिटले. “आणि मी तुलाच...” मग काठी उचलून त्यांनी स्टेजकडे रोखली. “माझ्या घरचं जेवत होतास बे तू. माझ्या पोरीच्या हातचं जेवत होतास.” ते मटकन खुर्चीत बसले आणि सगळ्यांदेखत रडू लागले. सत्यभामाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

श्रीरंग फळ्याला टेकून स्टेजवरून उतरायचा रस्ता शोधत होता. हेमलताला त्याची दया आली नाही, तसूभरही नाही. ती पायऱ्या चढून वर गेली आणि त्याची वाट अडवून उभी राहिली. हात पुढे केला. त्याला आधी कळलंच नाही काय हवंय ते. मग त्याने खडू तिच्या हातावर ठेवला.

“चूक माझी आहे, ती मी कबूल करते,” ती म्हणाली. “चोरी तुमची आहे. आता कुठे जाता? बसा त्या खुर्चीत. कसोटी कुठे फसते ते मी सगळ्यांना शिकवणार आहे, पहिल्यापासून.” तिनं भागाकार पुसला आणि कोऱ्या फळ्यावर तीनशे एक्केचाळीस लिहिला. श्रीरंग शेरवानी सावरत खुर्चीत बसला. ती वळली आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला बजावावं तसं त्याला म्हणाली, “नीट बघा मास्तर. ह्या खेपेला चोरायचं असेल, तर समजून चोरा.”